तीनदा उजेड

१

पैठण गेटजवळच्या दुकानदारानं माझा कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"टॉर्च लेके आओ, बहन. माप घेतल्याशिवाय सेल कैसा देऊ?"

"माप लिहिलंय ना त्यावर."

खरंच लिहिलं होतं. वीतभर लांब, दोन बोटं जाड, चार व्होल्ट, एका टोकाला पितळी टोपी. मी वाळूजच्या एका कंपनीत तपासणीच्या लाइनवर आहे. आठ तास नुसतं बघायचं आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं, एवढंच माझं काम. माप घ्यायला मला दुकानदार लागत नाही.

"मगर टॉर्च किधर है?"

"टॉर्च माझ्याजवळ नाही."

तो हसला. बाजूच्या गिऱ्हाइकाकडं बघून म्हणाला, "टॉर्चच नई, तो सेल किसमें डालेगी?" मग त्यानं माझ्यापुढं पांढऱ्या उजेडाचे चार-पाच एलईडी टॉर्च मांडले. सगळेच मांडतात. गुलमंडीत मांडले, शहागंजात मांडले, सिटी चौकात तर एकानं माझ्या डोळ्यांवरच मारून दाखवला. दोन हजार सोळाचा मे चालू होता, नळाला पाचव्या दिवशी पाणी होतं, आणि मी सुट्टीचे चार दिवस बंद पडलेल्या टॉर्चच्या सेलमागं घालवले होते. तो टॉर्च बनवणारी कंपनीच कधी उठून गेली, कुणाला ठाऊक नाही.

शेवटी मी छावणीत गेले. खरं तर आधी तिथंच जायला हवं होतं. पण बन्सीकाका म्हातारे झालेत, त्यांना पुन्हा त्रास नको, असं वाटत होतं. बाजाराच्या टोकाला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं आता रेडिओ येत नाहीत, मिक्सर येतात. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि लगेच म्हणाले, "हा तर कडूबाच्या बॅटरीचा सेल."

आमच्याकडं टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. "होय काका," मी म्हणाले.

टॉर्च कुठं आहे, हे त्या एका माणसानं विचारलं नाही. "आठ दिवस दे," एवढंच म्हणाले. कोणता प्रश्न विचारायचा नाही, हे ज्याला कळतं त्याच्या मी पाया पडते.

२

कडूबा माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. जात धनगराची, लहानपण मेंढरांमागं गेलेलं. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि पोटासाठी ते विहिरीत उतरले. आधी खोदायला, मग आडव्या बोअरला. विहीर आटली की तिच्या तळाशी मशीन लावून बाजूच्या दगडात आडवं भोक पाडतात, मूठ जाईल एवढं. शंभर-सव्वाशे फूट आत. नशीब असेल तर एखादी झिरप लागते. मामांच्या बाबतीत मी नशीब म्हणणार नाही. त्यांना दगड कळायचा.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, अडाणी माणूस, हातावर पोट. सहा महिन्यांत माझी खोड मोडली. आमच्या कंपनीत लाखांची यंत्रं आहेत, पण मामांसारखी तपासणी मी कुठंच पाहिली नाही. कुठलंही जुनं भोक असलेली विहीर आली की आधी ते एकटे यारीच्या, म्हणजे विहिरीच्या तोंडावरच्या दोराच्या मशीनच्या, बादलीत बसून खाली जायचे, त्या भोकात टॉर्च मारायचे आणि वर येऊन एक शब्द सांगायचे. 'चला' किंवा 'नाय'. 'नाय' म्हटलेल्या भोकात बाभळीची खुट्टी ठोकायची, त्या विहिरीत पुन्हा कुणी उतरायचं नाही. तीस वर्षांत असा 'नाय' चार वेळा आला. त्यांच्या टोळीतल्या एकाही माणसाचं बोट तुटलं नाही.

टॉर्च स्टीलचा, चार्जिंगचा, छावणीच्या बाजारात वीस वर्षांपूर्वी घेतलेला. पहिल्याच वर्षी विहिरीत पडून त्याचं तोंड एका अंगानं चेपलं होतं. त्यामुळं त्याच्या पिवळ्या गोलाला वर डावीकडं खाच पडायची, उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी. माझा नवरा हनुमान त्यांना नवा घ्या म्हणून मागं लागायचा.

"पांढऱ्या उजेडात समदाच दगड गोरा दिसतो," मामा म्हणायचे.

त्यांची एक पद्धत होती. टॉर्च तीनदा मारायचा. तीन संथ उजेड, मध्ये एकेका श्वासाचा अंधार. मग टॉर्च बंद करून बराच वेळ भोकाकडं बघत राहायचं. मी एकदा जेवायला वाढताना विचारलं.

"पयल्यांदा पाण्यासाठी," मामा म्हणाले. "दुसऱ्यांदा दगडासाठी."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा सांगायला."

"काय सांगायला? कुणाला?"

"कालवण वाढ," मामा म्हणाले.

३

दोन हजार तेराच्या मार्चमध्ये टॉर्चचा सेल मेला. नेमका तेव्हाच शेंद्र्याहून बद्रीनाथ शेठचा निरोप आला. एमआयडीसीमुळं तिकडं जमिनीला सोन्याचा भाव. त्यांनी शेतात प्लॉट पाडले होते आणि मधली जुनी विहीर प्लॉटवाल्यांना दाखवायची होती. पासष्ट फूट, ठणठणीत कोरडी. आधीच्या कुठल्याशा टोळीनं तळाशी एक आडवं भोक पाडलं होतं आणि काम अर्धवट टाकून ती टोळी निघून गेली होती. का गेली, ते शेठना ठाऊक नव्हतं.

हनुमान तयारच होता. "मोबाइलच्या उजेडात बघून घेतो. काय न्हाई होत, बाबा."

"बॅटरी दुरुस्त व्हईस्तोर कुणी उतरायचं नाय," मामा म्हणाले.

"तवर दुसरी टोळी घुसंल की!"

"घुसू दे."

बापलेकात आठ दिवस बोलणं बंद. मला दोघांचंही पटत होतं, आणि त्याचाच राग येत होता. एका भोकात बघायला तोच टॉर्च का लागतो, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. पण हनुमानला पासष्ट फुटांवर पाठवायचं होतं आणि तीस वर्षं एकही माणूस न गमावलेला माणूस 'नको' म्हणत होता. असा रेकॉर्ड असलेल्याचं आमच्या कंपनीतसुद्धा ऐकतात. मी सुट्टी टाकली आणि टॉर्च घेऊन शहरभर फिरले.

तेव्हा बन्सीकाकांनीच तो जिवंत केला. कंपनीचा सेल कुठंच नव्हता. काकांनी जुन्या सामानातून त्या मापात बसतील असे दोन लहान सेल शोधले, त्यांचे कान कानशीनं घासले, एकमेकांना जोडले, वर सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं आणि पितळी टोपी जुन्या सेलवरून उतरवून बसवली. दोन दिवस ते त्या वीतभर नळकांड्यावर खपत होते. खटका दाबला तेव्हा समोरच्या भिंतीवर तोच कुरतडलेला गोल उमटला. मला आपलं माणूस दवाखान्यातून बरं होऊन आल्यासारखं वाटलं.

"तीन वर्षं जाईल," काका म्हणाले. "पुढचं पुढं बघू."

४

विहिरीवर गेल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. उन्हात त्यांचे डोळे दुधाळ दिसत होते.

"मोतीबिंदू हाय दोन्हीकडं. हनुमानला ठाव नाय. मला आता लांबचं दिसत नाय, पोरी."

"मग?"

"तू उतर माझ्यासंगं. हनुमान बघंल ते कामाच्या डोळ्यानं बघंल. तुझी नोकरीच बघायची हाय. दिसंल त्येच सांगशील."

बाई विहिरीत उतरते म्हणून बद्रीनाथ शेठनं तोंड वाकडं केलं. मामांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आम्ही बादलीत बसलो आणि यारीनं आम्हाला खाली सोडलं. वर कंप्रेसरची टेस्टिंग चालू होती. वीस फुटांवर तो आवाज मऊ झाला, चाळीसवर नुसती कुरकुर, आणि तळाला पाय लागला तेव्हा मला माझाच श्वास ऐकू येत होता. दुपारचे बारा वाजले होते. वर आभाळ टोपल्याएवढं. खाली सावली, आणि सावलीत कमरेएवढ्या उंचीवर ते भोक.

मामांनी टॉर्च माझ्या हातात दिला. मी वाकले आणि डोळा भोकाला लावला. आतून गार हवा येत होती. जमिनीच्या पोटात वाऱ्याचं काय काम, असं मनात आलं. पण पोकळ्या असतात, हवा फिरते, म्हणून मी ते बाजूला ठेवलं.

"दाब," मामा म्हणाले. "सोड. दाब. सोड."

पहिल्या उजेडात दगडावर मशीनच्या कड्या दिसल्या, एकामागं एक, आत जात जात बारीक होणाऱ्या. ओल नव्हती. दुसऱ्या उजेडात एक पांढरी शीर दिसली. तिसऱ्यात नवं काही नाही. भोक आत जातच होतं, टोक दिसत नव्हतं.

"आता बंद. डोळं मिटू नगं. निस्तं बघ."

मी बघत राहिले. मनातल्या मनात श्वास मोजले. बारा. तेरा. चौदाव्याला खूप आत एक पिवळा कण दिसला.

तो वाढला आणि त्याचा गोल झाला. मग विझला. एक श्वास अंधार, पुन्हा गोल. पुन्हा अंधार, पुन्हा गोल. तीन.

मी तपासणीवाली आहे, मी लगेच घाबरत नाही. डोळ्यात उजेड साठून राहतो, हे मला माहीत आहे. पण साठलेला उजेड विझत विझत जातो, तीनदा पेटत नाही. आत गारगोटी असेल आणि चकाकत असेल. पण आमचा टॉर्च तर बंद होता. मग मला त्या गोलाची खाच दिसली. आमच्या टॉर्चची खाच डावीकडं पडते. आरशात बघितलं तर आपलं डावं डावीकडंच राहतं. समोर माणूस उभा असेल तर मात्र त्याचं डावं आपल्या उजवीकडं येतं.

ती खाच उजवीकडं होती.

आमच्या लाइनवर भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय, 'शंका आली तर पुन्हा एकदा बघा.' पाच वर्षं मी ती पाटी बघत काम करते आहे. माझा अंगठा माझ्या आधी हलला. मी खटका दाबला. चौथ्यांदा.

मामांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. पण तोवर मी बघितलं होतं. आत, त्या मूठभर भोकाच्या पार टोकाला, तिकडचा गोलही चौथ्यांदा पेटला होता. आणि त्याच्यामागं कुणीतरी, मी वाकले होते तसंच, वाकून बघत होतं.

५

वर आल्यावर हनुमाननं विचारलं, "काय?"

"रिजेक्ट," मी म्हणाले. माझे दात वाजत होते, भर मार्चच्या उन्हात.

मला वाटलं होतं, तो हसेल. आठ दिवस बापाशी भांडलेला माणूस. पण तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मग वळून त्यानं कंप्रेसर बंद केला.

"शेठ, जमणार नाय."

"आरं, बायकोच्या सांगण्यावरून?" बद्रीनाथ शेठ म्हणाले.

"तिचं कामच त्ये हाय," हनुमान म्हणाला आणि पाइप गुंडाळायला लागला. त्या क्षणी मला तो नवरा म्हणून जेवढा आवडला तेवढा आमच्या लग्नातही आवडला नव्हता.

मामा खुट्टी आणि हातोडा घेऊन पुन्हा खाली गेले. ठोकण्याचे तीन आवाज आले. परत येताना टेम्पोत ते माझ्याशेजारी बसले होते. जालना रोड संपून शहर लागलं, शहर संपून वाळूजचे कारखाने लागले, तेव्हा मी विचारलं.

"मामा, चुकलं का माझं?"

"तीन म्हंजी, आमी येत न्हाई, तुमी येऊ नगा," ते म्हणाले. "माझ्या उस्तादानं एवढंच सांगितलं होतं."

"आणि चार?"

"चार आजवर कुणी केलं नाय."

६

वाळूजजवळच्या रांजणगावात आमच्या खोलीमागं पत्र्याची न्हाणी आहे. तिच्या कोपऱ्यात घरमालकाच्या आटलेल्या बोअरचा लोखंडी पाइप जमिनीतून वीतभर वर आलेला. त्यावर आम्ही डालड्याचा डबा उपडा घालून ठेवतो. एप्रिलमध्ये एका दुपारी दुसऱ्या पाळीला जाण्याआधी मी तिथं तोंड धूत होते. डबा कुणीतरी काढलेला होता. वरच्या पत्र्यावर पिवळा गोल पडला होता.

पत्र्याला खिळ्याची भोकं असतात, त्यातून ऊन येतं, ते खाली पडतं. वर पडत नाही. मी हे सगळं नीट विचार करून मग वर पाहिलं. गोलाला खाच होती. तो विझला, पेटला, विझला. चारदा. मग नुसता पत्रा.

त्याच वेळी हनुमान गंगापूरकडच्या एका विहिरीत होता. संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचा शर्ट खांद्यावर फाटला होता. मशीनचा रॉड मध्येच मोडून त्याच्या कानाजवळून गेला होता.

दुसऱ्यांदा दहा दिवसांनी. मी घड्याळ बघून ठेवलं. हनुमान तळाला पोहोचला तेव्हाच पत्र्यावर गोल आला होता. चारदा. त्या दिवशी वरून दगड निसटला आणि त्याच्या पायाची दोन बोटं गेली. तीस वर्षांत टोळीचं तुटलेलं पहिलं बोट.

शेंद्रा शहराच्या त्या टोकाला आणि आम्ही या टोकाला. मध्ये अख्खं शहर, आणि त्या दुष्काळात शहराच्या पोटात ज्यानं त्यानं भोकं पाडून ठेवलेली. याच्यापुढं मी विचार केला नाही. करवला नाही.

मी मामांना न्हाणीत नेलं. त्यांना गोल दिसला नसता, पण त्यांनी पाइपच्या तोंडावर हात धरला.

"किती येळा येतं?"

"चार."

"म्हंजी हनुमानला ये म्हणतंय." त्यांनी टॉर्च पाइपात धरून तीनदा मारला, श्वास सोडून सोडून. आम्ही वाट बघितली. पत्र्यावर चारदा उत्तर आलं.

"आईकत नाय," मामा म्हणाले. "जिथं शब्द दिला, तिथंच माघारी घ्यावा लागतो."

"मी दिला, मीच घेते. मला सोडा खाली."

"तुला पोर व्हायचंय अजून," मामा म्हणाले. मला तेव्हा दिवस गेलेले होते आणि मी अजून हनुमानलाही सांगितलं नव्हतं. त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय काय दिसायचं, देव जाणे.

७

बद्रीनाथ शेठना मामांनी सांगितलं की खुट्टी सैल झाली असंल, बघून येतो. यारीवर हनुमान होता, पायाला पट्टी बांधून. मी काठावर. मामांनी चपला काढून बादलीत ठेवल्या, खांद्यावर घोंगडी घेतली. उन्हाळ्यात घोंगडी कशाला, म्हणून हनुमाननं विचारलं.

"तिकडं गार आसतंय," मामा म्हणाले.

हनुमान तोंडाला तोंड देणारा पोरगा, पण त्यानं नुसता यारीचा दोर ओढून तपासला. बहुतेक त्यालाही कळलं असावं. दोघांनी एकमेकांकडं नीट बघून घेतलं आणि मग बादली खाली गेली.

मी वाकून बघत होते. तळाला मामा मुंगीएवढे दिसत होते. खुट्टी उपटल्याचा आवाज आला. मग उजेड. एक. दोन. तीन. अंधार.

मी श्वास मोजले. चौदाव्याला भोकातून पिवळा उजेड बाहेर आला आणि मामांचे पाय उजळले. एक, दोन, तीन. चार. मामांनी पुन्हा तीन मारले. पुन्हा चार आले. सेल नवा असूनही मामांचा टॉर्च फिका पडत चालला होता. तिसऱ्या खेपेला त्यांनी दोनच उजेड केले आणि तिसरा लागलाच नाही.

"मामा!" मी ओरडले. "वर या!"

खालून त्यांचा आवाज आला, शांत, आपल्याच दारात कुणाशी बोलावं तसा. "थांबा. मी आत येऊन सांगतो."

हे शब्द ते आमच्याशी बोलत नव्हते.

हनुमाननं यारी ओढली. बादली वर आली तेव्हा तिच्यात मामांच्या चपला होत्या, शेजारी शेजारी. घोंगडी नव्हती आणि टॉर्चही नव्हता. हनुमान दोर धरून तसाच खाली उतरला. मी त्याला अडवलं नाही, अडवू शकले नसते. तळाला कुणीच नव्हतं. कोरडी विहीर, चार भिंती आणि मूठभर भोक.

भोकात खुट्टी होती. तिचं रुंद डोकं, ज्यावर हातोडा मारतात ते, आतल्या बाजूला होतं. निमुळतं टोक आपल्याकडं.

८

पंचनामा झाला, बेपत्ता म्हणून नोंद झाली. नातेवाइकांत कुणी म्हणालं, म्हातारा काशीला गेला. हनुमान तीन महिने विहिरीत उतरला नाही. मग उतरला. दुष्काळात पाणी काढणाऱ्या माणसाला घरी बसू देणारं गाव अजून जन्माला यायचंय, आणि बापाची जागा सोडून पळणाऱ्यातला तो नाही.

तो पहिल्यांदा उतरला त्या दिवशी मी रजा टाकून न्हाणीत बसले, पोटात सातव्या महिन्याचं बाळ घेऊन. डबा काढला. पत्र्यावर गोल आला. एक. श्वासाचा अंधार. दोन. अंधार. तीन.

मग नुसता पत्रा. मी खूप वेळ बसले, पण चौथा आला नाही.

ती चाल मी कुठंही ओळखली असती. मधला अंधार तेवढाच, खटका सोडतानाची ती संथ माघार तीच. पलीकडून मामा सांगत होते. संध्याकाळी हनुमान आला तो पाण्यानं चिंब भिजून, हसत. सत्तर फुटांवर झिरप लागली होती. मी न्हाणीत जाऊन पाइपासमोर डोकं टेकलं. आयुष्यात मी देवापुढं एवढ्या मनापासून वाकले नसेन.

तीन वर्षं असंच चाललं. हनुमान उतरतो, मामा तीनदा सांगतात, हनुमान वर येतो. त्याला हे सगळं ठाऊक आहे. आम्ही त्यावर बोलत नाही, पण उतरण्याआधी तो मला फोन करतो. "उतरतोय," एवढंच.

या मार्चपासून गोल फिका पडायला लागला. एप्रिलमध्ये खाच दिसेना. मे लागला तेव्हा एके दिवशी तिसरा उजेड एवढा मंद होता की तो आला की नाही, हे मला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. त्या दिवशी हनुमान वर आला तेव्हा त्याच्या मनगटावर चार बोटांचे वळ होते. "दोर काचला," तो म्हणाला.

आठव्या दिवशी मी छावणीत गेले. बन्सीकाकांनी सेल पुढं ठेवला. तसाच वीतभर, तशीच पितळी टोपी. पण यावेळी वर रबराचे तीन थर होते, जोडावर डांबर, आणि टोकाला सुतळीचा फास.

"पूर्ण चार्ज केलाय," ते म्हणाले. "ओल लागणार नाही. आपटला तरी फुटणार नाही."

सेल खाली सोडायचाय, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी मान वर न करता पुढचा मिक्सर उघडला.

"कडूबानं एकदा माझ्या भावाला विहिरीतनं जिता काढलं होतं," ते म्हणाले. "पैसे देऊ नको. फक्त ऐक, असले सेल आता येत नाहीत. हे शेवटचे दोन होते."

आज सकाळी मी सुतळी बांधून सेल पाइपात सोडला. घरमालकाचा बोअर दोनशे फूट आहे. माझ्याजवळ सुतळी तीनशे फूट होती. ती सगळी गेली आणि तरी तळ लागला नाही. टोक हातात धरून मी बसले होते. मग सुतळी हळूच ताणली गेली. ओढ नव्हती, देणाऱ्याच्या हातातून घेणारा घेतो तसा अलगद हिसका होता. मी टोक सोडून दिलं.

साडेअकराला फोन वाजला. "उतरतोय," हनुमान म्हणाला. माझी पोरगी दारात बसून मुरमुरे खात होती. मी न्हाणीत जाऊन वर पाहिलं.

गोल लख्ख होता. डोळे दिपावेत असा, नव्या कोऱ्या सेलचा, आणि त्याची खाच ताज्या कुरतडल्यासारखी स्वच्छ. एक. दोन. तीन. त्या उजेडाच्या मागं दोन सावल्या होत्या. एकीच्या खांद्यावर घोंगडी होती आणि तिनं दुसरीचं मनगट घट्ट धरलं होतं.

मग अंधार झाला. मी डबा जागेवर ठेवला आणि पोरीचं तोंड पुसलं.

बन्सीकाकांचा सेल तीन वर्षं जातो. हनुमान अजून चौतीस वर्षांचा आहे.